आठ खिशांची बंडी

बसा, बसा! मागचे पुढे सरका, पुढचे जागे व्हा! पूर्वरंगात ब्रह्म झालं, माया झाली, आणि दोघांनी मिळून तुम्हाला झोपवलं. त्यात माझा दोष नाही, चैत्राचं ऊन आहे. पण आता आख्यान! आख्यानात झोपायचं नाही. इथं माणसं येणार आहेत, आणि ती तुमच्या ओळखीची निघतील!

मंडळी, एक प्रश्न विचारतो. भांडण लावतं कोण?

आलं का लगेच उत्तर! "शेजारीण!" — अहो मावशी, हळू बोला, ती तुमच्या मागंच बसली आहे! माझा प्रश्न वेगळा. लहानपणापासून तुम्ही ऐकलंय ना — चाकू कुणाच्या हातात देऊ नये? खाली ठेवावा, दुसऱ्यानं उचलून घ्यावा. हातात दिला की वैर येतं! ऐकलंय की नाही? माना हलल्या. पाळता की नाही? त्याही हलल्या. मग सांगा — वैर त्या चाकवात असतं, की तो धरणाऱ्याच्या मनात? आणि चाकवात असेल, तर गावात जेवढी भांडणं आहेत तेवढे चाकू तरी आहेत का?

मल्हारी, मृदंग थांबव आणि जरा पेटीवाल्या अण्णांना सांग, काळी दोनचा सूर धरा म्हणावं. हां. — काय म्हणता आजोबा? अण्णा शेजारीच बसलेत, मी स्वतः का सांगत नाही? आहे आमचं काहीतरी. तुम्ही आख्यान ऐका!

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं, कासारखोरे. तिथं राहायचे रंगराव. एस.टी.त कंडक्टर. अंगानं उंच, मिशी मोठी, आवाज डबल बेलसारखा. पण गावात रंगराव ओळखले जायचे ते एका नादानं. कुणाला तमाशाचा नाद असतो, कुणाला पत्त्यांचा. रंगरावांना नाद होता चाकवांचा! जिथं गाडी थांबेल तिथं चाकू बघायचे. प्रवासी चहाला उतरायचे, कंडक्टर चाकवाला! जत्रेतला बटणाचा, डोंगरावरच्या बाजारातला सांबरशिंगाच्या मुठीचा शिकारी सुरा, माशाच्या आकाराचा घडीचा, एकात दहा पाती आणि एक चमचा असलेला — तो चमचा कशाला, हे देवाला ठाऊक! शिकार सोडून मध्येच आमटी प्यायची असेल. असे किती जमले? एक्केचाळीस!

नुसते जमवून माणूस थांबतो का? दागिना केला की बाई कपाटात ठेवते का? रंगराव चाकू अंगावर घालून हिंडायचे! शिंप्याकडं गेले. म्हणाले, "बंडी शिव. आतून आठ खिसे." शिंपी म्हणाला, "रंगराव, माप तुमचं घेऊ का चाकवांचं?" म्हणाले, "चाकवांचं घे. मी त्यात मावेन."

अशी ती आठ खिशांची बंडी! एक्केचाळीसांतले आठ रोज निवडायचे, खिशात सरकवायचे, वर खाकी कोट. चालले की खळखळ वाजायचे. कुत्री रस्ता सोडायची. पोरं म्हणायची, "नंदीबैल आला!"

आणि मंडळी, त्या बंडीची एक गंमत होती. रंगराव देवळात आले की हात जोडायचे — उभ्यानं. गुरव म्हणायचा, "रंगराव, साष्टांग नमस्कार?" रंगराव म्हणायचे, "उभ्यानंबी पोचतो." पोचतो काय? आडवं पडलं की आठ मुठी बरगड्यांत घुसायच्या! ज्याला गावात कुणापुढं वाकायचं नव्हतं, त्याला आता देवापुढंही वाकता येईना. लेक माहेरी आली, बापाच्या गळ्यात पडायला गेली — "हां हां, लांबूनच, लांबूनच!" हे तुम्ही लक्षात ठेवा. मी पुन्हा विचारणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढे चाकू, म्हणजे धार काय असेल! काय काय कापलं असेल! — काही नाही. पेरूसुद्धा नाही. रंगराव रोज सकाळी एक्केचाळीस चाकू ओळीनं मांडायचे, खोबरेल लावायचे, मऊ फडक्यानं पुसायचे, आणि परत ठेवायचे. धार लावली तर पात्यावर ओरखडा येईल! वापरला तर डाग पडेल! एकदा त्यांच्या मंडळींची, हौसाबाईंची विळी शेजारी गेली होती. त्यांनी सांबरशिंगाच्या सुऱ्यानं भोपळा चिरला. रंगराव घरात आले आणि बघतात तर काय — सुऱ्याला भोपळ्याचं बी चिकटलेलं! दोन दिवस जेवले नाहीत हो! सुतक धरलं! हौसाबाई म्हणाल्या, "एक्केचाळीस हत्यारं घरात, आन् म्या भोपळा उंबऱ्यावर आपटून फोडू व्हय?"

"शिकारीचा सुरा हाय त्यो!"

"मग आना की शिकार! म्या भोपळा खाऊन ऱ्हायलेय अकरा वर्सं!"

बरोबर की नाही? बायका हसतायत, म्हणजे बरोबर.

पण मंडळी, थांबा. हसून झालं असेल तर जरा इकडं या. नाद असा हवेतून लागत नाही. माणूस एक्केचाळीस वस्तू जमवतो ना, तेव्हा त्याची एक बेचाळिसावी कुठंतरी हरवलेली असते. रंगरावांची कुठं होती? भिंतीपलीकडं! धाकट्या भावाच्या घरात!

धाकट्याचं नाव केरबा. घरं जोडून, भिंत एक, अंगण एक. केरबा शेती करायचा आणि देवळात भजनाला मृदंग वाजवायचा. हात असा पडायचा की म्हातारी माणसं टाळ टाकून ऐकत बसायची. — मल्हारी, तू मान हलवू नकोस, तुझं नाव घेतलेलं नाही.

या दोघांचे वडील, सटवाजी आबा. जुन्या काळी रानडुकरांवर जाणारा माणूस. त्यांचा एक सुरा होता. मोटारीच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याचा, गावच्या लोहारानं ठोकलेला. बाभळीची मूठ, तिला पितळेची तार गुंडाळलेली. दिसायला काही नाही हो! बाजारात ठेवला तर कुणी हात लावणार नाही. पण रंगराव सात वर्षांचे असताना आबांनी त्यांना खांद्यावर बसवून रानात नेलं होतं, आणि त्याच सुऱ्यानं बोरीची काठी तासून दिली होती. ती काठी कधीच मोडली. सुरा डोक्यात राहिला.

आबा शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा रंगराव लांबच्या गाडीवर होते. निरोप पोचेपर्यंत उशीर झाला, गाडी मिळेपर्यंत आणखी उशीर झाला. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेवर पोचवणारा माणूस, बापाजवळ पोचला नाही! आले तेव्हा राख सावडून झाली होती. ही गोष्ट त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही. बोलले असते, तर हे आख्यान इथंच संपलं असतं.

चौदाव्या दिवशी घरात गोडाचं जेवण. केरबा पडवीत बसून काकडी चिरत होता — त्याच सुऱ्यानं! रंगराव म्हणाले, "बघू." केरबानं काय केलं? सुरा उलटा धरला, मूठ पुढं केली, आणि भावाच्या हातात दिला. नीट! प्रेमानं! रंगरावांनी सुरा हातात घेतला, फिरवून बघितला, आणि म्हणाले, "ह्यो माज्याकडं ऱ्हाईल. मी थोरला."

केरबा म्हणाला, "दादा, आबांनी माज्या हातात दिलाय. आन् मला रोज लागतो ह्यो. दावी कापाय लागतो, वैरण तोडाय लागतो."

"आबांच्या सुऱ्यानं दावी कापतोस? काकड्या चिरतोस?"

"मग काय पूजा करू त्याची? आबाबी काकड्याच चिरायचे की!"

"मी हितं असतो तर मला दिला असता आबांनी!"

आणि केरबा बोलू नये ते बोलला. "व्हतास कुठं?"

दोन शब्द! मंडळी, दोनच शब्द! रंगरावांनी सुरा जमिनीवर टाकला आणि भिंतीपलीकडं निघून गेले. आणि दारात बसलेली सोनाआत्या — आबांची बहीण, तोंडात एक दात, पण जीभ पूर्ण — तिनं निकाल दिला. "हातात दिला की रं सुरा! खाली ठिवायचा व्हता! आता भोगा!"

झालं! आणि खरं सांगतो, दोघांनाही बरं वाटलं. का? अहो, केवढी सोय झाली! रंगरावांना आपण उशिरा पोचल्याचं बोलावं लागलं नाही. केरबाला आपण टोचून बोलल्याचं कबूल करावं लागलं नाही. सगळं सुऱ्यावर ढकललं! हात नाही, पाय नाही, तोंड नाही, उलटून बोलत नाही — असा आरोपी कुठं मिळतो सांगा!

अकरा वर्षं! एका अंगणात राहून अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. रंगराव चाकू जमवत राहिले. नोकरी संपली, पेन्शन आली, चाकू वाढले. प्रत्येक चाकू हातात घेतला की मूठ दाबून बघायचे, आणि मनात म्हणायचे, "त्यो न्हाई."

मल्हारी, अण्णांना सांग, जरा सूर खाली.

आता पुढं! केरबाच्या पोराचं, सुहासचं, लग्न ठरलं. घरचं कार्य. थोरल्या भावाला आवतण तर द्यायला हवं! आणि बोलायचं तर नाही! मग केरबानं काय केलं? अंगणात रंगरावांची म्हैस बांधलेली. तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. टोपी नीट केली. "म्हशीबाई, पंधरा तारखेला सुहासचं लगीन हाय. मालकास्नी सांग, घरचं कार्य हाय, पत्रिकेची वाट बघू नगा."

आतून रंगराव ओरडले, "म्हशे, तुला आवतान आलंय! तू जा!"

आणि हौसाबाई चुलीपासून म्हणाल्या, "म्हस जाईल तवा जाईल, म्या तर चालले! लुगडं काढून ठिवलंय!"

जावं लागलं! पण रंगरावांनी मनात एक बेत केला. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडं हळद लागली की नवरदेवाच्या हातात हत्यार देतात. कट्यार, सुरी, काहीच नसलं तर अडकित्ता. टोकाला लिंबू टोचलेलं. आणि अक्षता पडेपर्यंत ते खाली ठेवायचं नाही! जेवताना हातात, झोपताना उशाशी. बाहेरचं काही लागू नये म्हणून. भुतांपासून नवरदेवाचं पक्कं रक्षण! नातेवाइकांपासून काय करायचं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

रंगराव म्हणाले, सुहासच्या हातात हत्यार जाईल ते माझं! एक कट्यार काढली. मुठीला चांदीची तार, मखमली म्यान. फडक्यात गुंडाळून हळदीला गेले. आणि बघतात तर — सुहासच्या हातात आधीच सुरा! बाभळीची मूठ, पितळेची तार, टोकाला लिंबू. आबांचा सुरा! अकरा वर्षांनी समोर! आणि पातं? रोज दगडावर घासून घासून निम्मं उरलेलं! रंगरावांच्या कपाळाची शीर उडायला लागली. "झिजवला! झिजवून संपवला आबांचा सुरा!" एवढंच म्हणाले, तेही मनात. कट्यार परत बंडीत घातली. आठव्या खिशात.

आता नीट ऐका. लग्नाचा दिवस. सूर्य डोक्यावर, मुहूर्त जवळ. नवरदेव मारुतीच्या पाया पडून घोडीवरून मांडवाच्या दारात आला. उतरला. घोडीवाल्याला तहान लागली. तो म्हणाला, "मालक, जरा धरा, पानी पिऊन येतो." केरबानं दोर धरला. नायलॉनचा, अंगठ्याएवढा. घोडी चुळबुळ करत होती, म्हणून त्यानं काय करावं? दोर उजव्या मनगटाला तीन वेढे देऊन घेतला! पिढ्यान् पिढ्या जनावरं बाळगणारा माणूस! आपल्या पोराला शंभरदा सांगितलं असेल, दावं हाताला गुंडाळू नको. पण लग्नाच्या दिवशी बापाचं डोकं जाग्यावर असतं का?

आणि कुणीतरी हौशी पाहुण्यानं घोडीच्या पायापाशी फटाक्यांची माळ लावली!

कड् कड् कड् कड्! घोडी उधळली! मांडवाबाहेर चिंचेचं झाड होतं, त्याला वळसा घालून निघाली. केरबा फरफटत गेला आणि धाडकन बुंध्यावर आपटला. दोर बुंध्याभोवती फिरला. एका टोकाला घोडी ओढतेय, दुसऱ्या टोकाला केरबाचं मनगट झाडाला आवळलंय! घोडी एक हिसका देई, वेढा आणखी आत जाई. पुढं जावं तर घोडी लाथा झाडतेय. हात जांभळा पडला. मृदंगाचा हात, मंडळी! — बघा, आमच्या मल्हारीनं आपला हात मांडीखाली घेतला!

"चाकू आना! चाकू!" एक जण आचाऱ्याकडं पळाला. स्वयंपाक लांब शाळेच्या आवारात. तो गडबडीत परत आला, हातात काय? झारा! आता झाऱ्यानं काय घोडीला बुंदी वाढायची?

आणि मग सगळ्या मांडवाची नजर वळली. कुणाकडं? रंगरावांकडं! आठ चाकू अंगावर! अहो, त्या माणसाचा जन्म याच क्षणासाठी झाला होता!

रंगराव धावले. कोट उघडला. पहिला काढला — बटणाचा. बटण दाबलं. उघडेना! अकरा वर्षांचं खोबरेल आत गोठून बसलेलं! टाकला. दुसरा काढला — सांबरशिंगाचा. चमकला! दोरावर ओढला. पुन्हा ओढला. अहो, पुसून पुसून धार गुळगुळीत झालेली! दोराला नुसतं गोंजारतोय! टाकला. तिसरा काढला — म्यानाला गाठ मारलेली. ती गाठ सुटेना. गाठ कापायला हवा चाकू! चौथ्याचा निघाला चमचा. हसू नका! तिथं कुणी हसत नव्हतं. शेवटी काढली ती चांदीच्या तारेची कट्यार. सगळ्यात सुंदर, सगळ्यात लाडकी. दोराखाली घालून जोर लावला — आणि वाकली! पत्र्याची होती!

एक्केचाळीस चाकवांचा धनी, रिकाम्या हातानं भावापुढं उभा.

तेवढ्यात सुहास पळत आला. मुंडावळ्या उडतायत, अंगाला हळद, हातात आबांचा सुरा. मूठ पुढं केली. "काका, घ्या!"

रंगरावांनी हात पुढं केला — आणि थांबला! हो, थांबला! आणि काय म्हणाले ठाऊक आहे? "खाली ठेव आधी!"

अरे, भावाचा हात चाललाय! "खाली ठेव, मी उचलतो! हातात देऊ नगो!"

सुहास वाकला. आणि मांडवातल्या बायका किंचाळल्या, "नवऱ्याचं हत्यार भुईला टेकवू नगो रं! अक्षता पडल्या न्हाईत!" सुहास अर्धा वाकलेला. वर घेतो, तर काका म्हणतात खाली. खाली नेतो, तर बायका म्हणतात वर! एक रीत म्हणते हातात द्यायचं नाही, दुसरी रीत म्हणते खाली ठेवायचं नाही. दोन रीतींच्या मध्ये सुरा लटकलेला, आणि त्याच्या टोकाला लिंबू! लोकांनी भटजींकडं बघितलं. भटजी म्हणाले, "शास्त्र मागनं बघू, दोर कापा!"

तरी रंगरावांचा हात पुढं होईना. एकदा हातात घेतला होता, अकरा वर्षं गेली. आता घेतला तर काय जाईल?

आणि त्या वेळी केरबानं मान वळवली. म्हशीला नाही सांगितलं, भिंतीला नाही सांगितलं. अकरा वर्षांनी पहिल्यांदा, सरळ भावाच्या तोंडाकडं बघून म्हणाला —

"दादा, हात चालला रं माजा!"

संपलं! कसली रीत आणि कसलं काय! रंगरावांनी झडप घातली, सुहासच्या हातातून सुरा हातात घेतला, लिंबासकट! पातं दोराला लावलं आणि ओढलं. एकदा! एकदाच! रोज काकड्या चिरणारं, रोज दावी कापणारं, रोज दगडावर घासलेलं ते निम्मं उरलेलं पातं — फाट्कन दोर तुटला! घोडी सुटली ती थेट पाटलांच्या शाळवाच्या रानात. लिंबू घरंगळत गेलं भटजींच्या पायाशी.

केरबा कोसळला. रंगरावांनी त्याला वरच्या वर धरला, छातीशी आवळला. आणि केरबा ओरडला, "दादा... दादा, टोचतंय!"

टोचणारच! तीन चाकू अजून बंडीत होते! मंडळी, मी म्हणालो होतो ना, लक्षात ठेवा? देवापुढं वाकता येईना, लेकीला जवळ घेता येईना. आज भावाला धरलं, तर भावाला टोचतंय! रंगरावांनी केरबाला हळूच खाली बसवलं. कोट काढला. बंडी काढली. भर मांडवात, पाहुण्यांच्या देखत, थोरला चुलता गंजीफ्रॉकवर! आणि गंजीफ्रॉकला पाठीवर तीन भोकं! हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला — लाजेनं नाही हो, त्या रडत होत्या. मग रंगराव गुडघ्यावर बसले आणि त्यांनी भावाला पुन्हा पोटाशी धरलं. म्हणाले, "केरबा, मला यायाला उशीर झाला रं. आबांच्या टायमालाबी झाला."

केरबा म्हणाला, "मीबी त्ये बोलाय नगो व्हतं, दादा."

एवढंच. अकरा वर्षांपूर्वी एवढंच बोलायचं होतं.

हात वाचला. डॉक्टरांनी पट्टी बांधली, महिनाभर मृदंग बंद, त्या महिन्यात गावचं भजन कसं झालं ते विचारू नका. पण त्या क्षणाला एक गोष्ट राहिली होती. आबांचा सुरा रंगरावांच्या हातात होता! ज्याच्यासाठी एक्केचाळीस जमवले, तो बेचाळिसावा मुठीत! सगळा मांडव बघतोय. ठेवून घेतला असता तर कुणी काही बोललं नसतं. केरबाच म्हणाला, "ठेव दादा तुज्याकडं."

रंगरावांनी मूठ एकदा दाबून बघितली. मग सुरा उलटा केला, मूठ पुढं केली, आणि म्हणाले, "आधी नवरदेवाचं हत्यार नवरदेवाला." सुहासच्या हातात दिला. खाली नाही ठेवला, हातात दिला! अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, लाडू झाले. आणि संध्याकाळी पाहुणे गेल्यावर सुहासकडून घेऊन रंगराव तोच सुरा केरबाकडं घेऊन आले. "घे. हातात घे. बघू काय वैर येतंय ते!"

केरबानं डाव्या हातानं घेतला.

आणि मंडळी, खरं सांगू? सोनाआत्या खोटी ठरली नाही. दुसऱ्याच दिवशी भांडण लागलं! अंगणात! मोठ्यानं! रंगराव एक्केचाळीस चाकू टोपलीत घालून केरबाच्या दगडापाशी धार लावायला बसले होते. केरबा डाव्या हातानं पाणी ओतत होता.

"दादा, असा न्हाई, तिरका धरायचा!"

"मला शिकवू नगो! मी थोरला हाय!"

"थोरला हाय, पर धार लावाय येत न्हाई!"

"आन् ह्यो आबांचा सुरा आता माज्या घरात न्हाई, तुज्याच घरात ऱ्हाईल!"

"का म्हून? तुज्या घरात ऱ्हाईल!"

"तुज्या!"

"तुज्या!"

म्हैस दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. तिचं निरोपाचं काम कायमचं गेलं होतं. आणि सोनाआत्या दारातून ओरडली, "म्हनलं नव्हतं? हातात दिला की भांडान लागतं!"

लागतं, आत्या, लागतं! पण भांडायला बोलावं लागतं! अकरा वर्षं ते भांडलेसुद्धा नव्हते हो!

तर मंडळी, प्रश्न काय होता? भांडण लावतं कोण? उत्तर मी देणार नाही. तुम्ही जरा आपापली बंडी चाचपा! दिसत नाही, पण घातलेली आहे. एका खिशात "त्यानं मला बोलावलं नाही" आहे. एका खिशात "आधी ती बोलू दे" आहे. रोज काढता, पुसता, तेल लावता, परत ठेवता. कापत काहीच नाही, पण जवळ येणाऱ्याला टोचतं! त्या दोन खांबांआड दोघे जण बसलेत, एकमेकांकडं पाठ करून. नाव घेत नाही. सगळं गाव वळून बघतंय, त्यात माझा दोष नाही.

आज प्रसादाला वीस कलिंगडं आलीत. चाकू एकच आहे, हा माझ्या हातात. एकानं एक कलिंगड कापायचं, आणि चाकू पुढं द्यायचा — ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याच्या हातात! खाली कुणी ठेवायचा नाही!

कुणी हलेना. सुरुवात कोण करणार? सगळे माझ्याकडं बघताय... बघा, बघा. बरोबर आहे तुमचं.

गेल्या महिन्यात एका गावात कीर्तन करताना माझा आवाज फाटला. कुणामुळं? माझ्यामुळं. आणि मी भर सभेत पेटीवाल्या अण्णांना म्हणालो, "पेटी वाजवताय की कणीक मळताय?" बावीस वर्षांची साथ, मंडळी. त्या दिवसापासून हा मल्हारी आमची म्हैस झालाय. दोघांचे निरोप वाहतो बिचारा. आणि मी तुम्हाला रंगरावांचं आख्यान सांगतोय!

मल्हारी, तू बस. मी बोलतो.

अण्णा. इकडं बघा. मी चुकलो होतो. घ्या चाकू. नाही, खाली ठेवणार नाही. हातात घ्या.

घेतला! — काय म्हणता अण्णा? मोठ्यानं म्हणा, सगळ्यांना ऐकू दे!

"सूर तेव्हाही काळी दोनच होता, बुवा. तुम्हीच वर गेलात."

बघा, मंडळी! लागलं भांडण! कापा कलिंगड!